मिक्सरच्या प्लगमधला फ्यूज उडाला: ३ चा टाकू, ५ चा की १३ चा?

चाफा (रेडिंग) | शनिवार, सकाळी १०:४०

नमस्कार मंडळी. इंग्लंडात येऊन दीड वर्ष झालं. येताना पुण्याहून ७५० वॉटचा मिक्सर आणला, कारण इथल्या ब्लेंडरमध्ये ओलं खोबरं आणि इडलीचं पीठ मनासारखं वाटलं जात नाही. वीज दोन्हीकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, तेव्हा मिक्सर चालणार याची खात्री होती. प्रश्न होता तो गोल पिनांच्या प्लगचा. मोडलेल्या टेबल लॅम्पचा तीन चौकोनी पिनांचा प्लग घरात पडून होता, तो नवऱ्याने मिक्सरच्या वायरीला जोडून दिला.

सहा-सात महिने चटण्या, वाटणं सगळं व्यवस्थित झालं. परवा उडदाची डाळ वाटायला घेतली, भांडं थोडं जास्तच भरलं होतं, आणि मिक्सर एकदम गप्प झाला. वास नाही, धूर नाही. घरातले बाकीचे दिवे चालू. नवऱ्याने प्लग उघडला तर आत एक बोटाच्या पेरापेक्षा लहान पांढरी नळी, तिच्यावर लाल अक्षरात ३ अँपिअर. तो फ्यूज गेला होता. शेजारच्या आजोबांनी त्यांच्या डब्यातला १३ चा, तपकिरी अक्षरांचा फ्यूज दिला. तो घातला आणि मिक्सर पुन्हा सुरू.

आता आई फोनवर म्हणते, "आपल्याकडे प्लगमध्ये फ्यूज कुठे असतो? एवढं काय त्यात!" पण माझ्या मनातून जात नाही. मिक्सरमध्ये बिघाड आहे म्हणून फ्यूज उडाला का? १३ चा ठेवला तर चालेल का? वायरीवर बारीक अक्षरात ३ × ०.७५ असं छापलंय, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

---

गवतीचहा | शनिवार, सकाळी ११:१५

चाफा, मला वाटतं जेवढा मोठा फ्यूज तेवढं बरं, सारखा उडत नाही. आमच्या घरी सगळ्या प्लगांत १३ चेच आहेत. पण जाणकार सांगतीलच.

---

जुनावायरमन (लेस्टर) | शनिवार, दुपारी १:०५

चाफाताई, प्रश्न फार चांगला विचारलात आणि वायरीवरचं छापील वाचलंत हे त्याहून चांगलं. तीस वर्षं पुण्यात घरगुती वायरिंगची कामं केली, आता लेकीकडे लेस्टरला असतो. जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. प्लगमधला फ्यूज मिक्सरला वाचवायला नसतो आणि माणसाला वाचवायलाही नसतो. तो असतो प्लगपासून मिक्सरपर्यंतच्या वायरीसाठी. एवढं एकदा डोक्यात बसलं की कितीचा फ्यूज टाकायचा हे कुणाला विचारावं लागत नाही.

फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली अशक्त जागा. नळीच्या आत एक बारीक तार असते. करंट गेला की तार तापते, आणि करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. तुमच्या वायरीला जो ताप सोसणार नाही, त्याच्या आधी ही तार वितळली पाहिजे. तार तुटताना ठिणगी पेटते. शॉर्ट मोठा असेल तर ती ठिणगीच हवेतून करंट वाहता ठेवते. म्हणून चिनी मातीच्या नळीत बारीक वाळू भरलेली असते. ठिणगीच्या उष्णतेने वाळू वितळते, ती उष्णता पिऊन टाकते आणि ठिणगी विझते. इथल्या मानकाप्रमाणे, म्हणजे बीएस १३६२ प्रमाणे, या एक इंच लांबीच्या नळीने ६००० अँपिअरपर्यंतचा शॉर्ट न फुटता तोडला पाहिजे. जुना उडालेला फ्यूज कानाशी धरून हलवून बघा, कधीकधी आतली वाळू खुळखुळते.

आता तुमचा हिशोब. ७५० ला २३० ने भागा, ३.२६ अँपिअर आले. म्हणजे तुमचा मिक्सर आधीपासूनच ३ च्या फ्यूजच्या काठावर चालत होता. मग सहा महिने उडाला कसा नाही? कारण फ्यूजवर लिहिलेला आकडा म्हणजे "एवढा करंट तो कायम सोसेल" असा असतो. "याच्या पुढे गेला की लगेच उडेल" असा त्याचा अर्थ नाही. थोडा जास्त करंट तो बराच वेळ काढतो. पण मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढते. दर वेळी बटण फिरवलं की ती तार तापायची, ताणायची, पुन्हा गार व्हायची. त्यात परवा भरलेल्या भांड्यात घट्ट डाळ. मोटर अडखळली की करंट वाढतोच. थकलेली तार तिथे तुटली. मिक्सरमध्ये बिघाड असता तर १३ चा टाकल्यावर तोही तडकाफडकी उडाला असता किंवा मिक्सरला वास आला असता.

०.७५ म्हणजे वायरीतल्या प्रत्येक तांब्याच्या गाभ्याच्या छेदाचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. आमच्या भाषेत पाऊणची वायर. पाऊणची वायर ६ अँपिअर सुखाने नेते. अर्ध्याची ३, एक एमएमची १०, सव्वाची १३. तेव्हा तुमच्या वायरीला शोभेल असा फ्यूज ५ चा. काळ्या अक्षरांत मिळतो. लाल ३ चा, तपकिरी १३ चा, बाकीचे सगळे काळे, अशी इथली खूण आहे. १३ चा आजच काढून ठेवा.

---

ओहम | शनिवार, दुपारी २:३०

काका, छान समजावलंत. एक शंका. माझ्याकडच्या बऱ्याच नव्या उपकरणांना वायर पाऊणचीच आहे आणि कंपनीने फॅक्टरीतूनच १३ चा फ्यूज घालून दिलाय. मग ते चुकीचं का?

---

जुनावायरमन (लेस्टर) | शनिवार, दुपारी ३:१०

ओहम, शंका बरोबर आहे आणि तिचं उत्तर द्यायलाच हवं, नाहीतर माझं वरचं अर्धवट राहील.

वायरीला धोका दोन तऱ्हेचा. एक शॉर्ट. फेज आणि न्यूट्रल, म्हणजे करंट आणणारी आणि परत नेणारी वायर, एकमेकांना चिकटले की काही शे अँपिअर धावतात. तिथे ३ चा असो की १३ चा, डोळ्याचं पातं लवायच्या आत उडतो आणि पाऊणची वायरही वाचते. दुसरा धोका ओव्हरलोड, म्हणजे सहाच्या जागी बारा-पंधरा अँपिअर आणि तेही पाच-दहा मिनिटं. इथे फरक पडतो. १३ चा फ्यूज २० अँपिअरही बराच वेळ सोसतो. पाऊणच्या वायरीतून ६ ऐवजी २० गेले तर उष्णता अकरा पट होते.

आता टीव्ही किंवा चार्जर स्वतःहून वीस अँपिअर ओढूच शकत नाही, म्हणून कंपनी तिथे १३ चा घालून मोकळी होते आणि नियमात ते बसतं. कंपनीने तपासून जो घातला तोच ठेवावा, त्याच्यात लुडबुड नको. पण मिक्सर म्हणजे मोटर. पातं अडकलं, मोटर फिरायची थांबली आणि बटण चालूच राहिलं, तर करंट मधल्या त्या धोक्याच्या पट्ट्यात जातो. आणि हा प्लग कंपनीने बसवलेला नाही, आपण घरी बसवलाय. म्हणून ५.

चाफाताई, मिक्सर उलटा करून बघा. बुडाशी एक छोटं लाल बटण असेल. मोटर जास्त तापली की ते आपोआप बाहेर येतं आणि दाबलं की मिक्सर पुन्हा सुरू. मोटरचा राखणदार तो. वायरीचा राखणदार प्लगमधला फ्यूज.

---

चाफा (रेडिंग) | शनिवार, दुपारी ३:४०

आहे! लाल बटण आहे. भारतात असताना ते कितीदा दाबलंय, पण ते काय करतं हे आज कळलं. १३ चा काढला. उद्या ५ चे आणते.

---

गवतीचहा | शनिवार, सायंकाळी ५:२०

काका, माझा वरचा प्रतिसाद मागे घेते. पण चाफाच्या आईचा प्रश्न राहिलाच की. आपल्याकडे प्लगमध्ये फ्यूज का नसतो? आपण तर इंग्रजांचंच वायरिंग उचललं ना?

---

जुनावायरमन (लेस्टर) | शनिवार, रात्री ८:५०

उचललं, पण आधीचं उचललं.

आपला गोल तीन पिनांचा प्लग हा इंग्रजांचा जुना प्लग, ५ आणि १५ अँपिअरचा. आज आपल्या मानकात तो ६ आणि १६ म्हणून ओळखला जातो. त्या पद्धतीत डीपीपासून, म्हणजे घरातल्या मेन बोर्डापासून, प्रत्येक भागाला वेगळी लाइन जाते. दिवे-पंख्यांच्या लाइनीला छोटा फ्यूज, गीझरच्या लाइनीला मोठा. जाड पिनेचा प्लग बारीक सॉकेटमध्ये जातच नाही. राखण बोर्डावर होते, म्हणून प्लगमध्ये फ्यूज लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धात इथे घरं पडली, लाखो नवी बांधायची होती आणि तांब्याची टंचाई होती. युद्ध संपल्यावर घरांत वीज कशी फिरवावी हे ठरवायला युद्ध चालू असतानाच एक समिती नेमली, तिचा अहवाल १९४४ साली आला. कॅरोलिन हॅस्लेट नावाच्या विद्युत अभियंत्या त्या समितीतल्या एकट्या बाई. त्यातून पुढे आली ती रिंग. बोर्डातून निघालेली अडीचची वायर एकेका सॉकेटला भेटत घरभर फिरते आणि वळसा घालून पुन्हा बोर्डात येते. प्रत्येक सॉकेटला दोन्ही बाजूंनी करंट मिळतो, म्हणून तुलनेने बारीक वायरीवर ३० अँपिअरची लाइन चालते. तांबं वाचलं. लहान मुलांनी भोकात काही खुपसू नये म्हणून सॉकेटला आतून पडदे असावेत हाही त्या अहवालाचा आग्रह होता. इथल्या प्लगची अर्थिंगची पीन लांब का, तर ती आधी आत जाऊन ते पडदे उघडते. १९४७ साली बीएस १३६३ हे मानक आलं, तोच आजचा प्लग.

आता बघा. रिंगवर बोर्डात ३० चा फ्यूज, आजकाल ३२ चा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच. त्याच रिंगवर तुमचा टेबल लॅम्प लावलाय, अर्ध्याच्या वायरीचा. लॅम्पची वायर पलंगाखाली चेमटली, त्यातून वीस-पंचवीस अँपिअर वाहायला लागले, तर ३२ च्या एमसीबीला त्याची खबरही लागणार नाही. वायर जळून जाईल. म्हणून लॅम्पच्या वायरीचा फ्यूज लॅम्पच्या प्लगमध्येच ठेवावा लागला. रिंग आली म्हणून प्लगमध्ये फ्यूज आला.

आईंना सांगा, आपल्याकडे रिंग नाही म्हणून फ्यूज नाही. पण आपल्याकडेही एक फट राहते, आणि ती मी हाताने केलेल्या कामात पाहिली आहे. आजकाल भिंतीत सहा-सोळा दोन्ही पिना घेणारं एकच सॉकेट बसवतात, मागे १६ किंवा २० चा एमसीबी. त्यात बारीक वायरीचं पाच-सहा अँपिअरचं उपकरण लावलं की त्या वायरीला कुणी वाली नाही. सॉकेट बारीक कामासाठी असेल तर मागे एमसीबीही लहान हवा, असं गिऱ्हाइकाला सांगून सांगून दमलो.

---

सांगलीकर_आजी | शनिवार, रात्री ९:३०

वाचून किटकॅट फ्यूज आठवले. जिन्याखाली पांढऱ्या चिनी मातीचे, ओढून काढायचे. रात्री लाइट गेली की आमचे हे मेणबत्ती घेऊन जायचे आणि फ्यूज बांधून यायचे. बांधायला फ्यूजची तार नसली की जुन्या वायरीतले दोन-तीन तांब्याचे तंतू पिळून लावायचे. एकदा भिंतीतल्या पट्टीवरची वायर इतकी तापली की लाकडी पट्टी काळी पडली, तेव्हा कुठे थांबले. आज इतक्या वर्षांनी कळलं की आम्ही फ्यूज बांधतच नव्हतो, फ्यूज काढून टाकत होतो.

---

जुनावायरमन (लेस्टर) | शनिवार, रात्री ९:४५

आजी, अगदी हेच. तीन तंतू पिळले की भिंतीतली वायर तीच अशक्त जागा होते.

---

प्रवासी७ | रविवार, सकाळी ९:१०

इथल्या विद्यार्थी घरात माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं सांगतो. चौघांत एक एक्स्टेन्शन बोर्ड. त्यावर ३ किलोवॉटची किटली आणि २ किलोवॉटचा हीटर. फ्यूज उडाला. दुकान बंद, थंडी कडाक्याची. एकाने उडालेल्या फ्यूजला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि प्लग बंद केला. सगळं सुरू झालं, आम्ही चहा केला, झोपलो. पहाटे मासळी जळल्यासारखा वास आला म्हणून मी उठलो. प्लगची अर्धी बाजू मऊ होऊन सॉकेटला चिकटली होती, आणि बोर्डाची वायर गालिच्याखालून गेली होती तिथे गालिचा तपकिरी झाला होता. मेन बंद केलं. त्या रात्री मला गाढ झोप लागली असती तर, हा विचार अजून सुटत नाही.

माझा प्रश्न असा. ३ आणि २ मिळून ५ किलोवॉट म्हणजे जवळजवळ २२ अँपिअर. मग १३ चा फ्यूज पहिल्याच दिवशी का नाही उडाला? आम्ही महिनाभर तसंच वापरत होतो.

---

जुनावायरमन (लेस्टर) | रविवार, सकाळी १०:२५

वाचलात, बाबांनो. ही गोष्ट सगळ्या विद्यार्थी घरांत वाचून दाखवा.

उत्तर किटलीत आहे. किटली तीन-चार मिनिटं चालते. २२ अँपिअर म्हणजे १३ च्या पावणेदोन पटीहून थोडे कमी. एवढ्यावर तो फ्यूज कितीतरी मिनिटं टिकू शकतो. तेवढ्यात पाणी उकळतं, किटली बंद होते, फ्यूज गार होतो. पण प्रत्येक चहाला फ्यूज आणि त्याला प्लगमध्ये धरणारी चिमटी भाजून निघत होती. चिमटी भाजली की तिची पकड ढिली होते, ढिल्या पकडीत उष्णता आणखी वाढते. एखादा प्लग हाताला कोमट लागणं वेगळं, पण हात ठेववत नसेल, किंवा पिनांजवळ तपकिरी डाग दिसला, तर तो प्लग आणि ते सॉकेट दोन्ही बदलायचे. नुसता फ्यूज बदलून भागत नाही.

एक्स्टेन्शनवर सॉकेट चार असोत की सहा, सगळ्यांना मिळून १३ अँपिअर, म्हणजे ३ किलोवॉट. हीटर आणि किटली भिंतीच्या आपापल्या सॉकेटमध्ये. आणि चाकावर गुंडाळायची एक्स्टेन्शन असेल तर ती पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडायला जागाच नसते. बऱ्याच चाकांवर लिहिलेलंही असतं, गुंडाळून ५ अँपिअर, उलगडून १३.

---

दुबईस्थ | रविवार, सकाळी ११:५०

आमच्याकडे यूएईतही हाच चौकोनी पिनांचा प्लग. स्वस्तातल्या ऑनलाइन प्लगांबद्दल सावध करतो. मी मागवलेल्या एका बोर्डाच्या प्लगमध्ये फ्यूज म्हणून जे होतं ते काचेच्या नळीतलं, नेहमीच्या निम्म्या लांबीचं. दुसऱ्यात १३ छापलेली चिनी मातीची नळी होती, पण वजनाला हलकी. फोडून पाहिली तर आत वाळूच नाही. दोन्ही फेकून दिले.

---

जुनावायरमन (लेस्टर) | रविवार, दुपारी १२:१५

बरं केलंत. वाळू नसलेली नळी मोठ्या शॉर्टला फटाक्यासारखी फुटते. फ्यूजवर आकडा, बीएस १३६२ आणि एखाद्या तपासणी संस्थेची खूण छापलेली असावी. ओळखीच्या दुकानातून घ्या. फ्यूज काही पैशांची वस्तू आहे, तिथे काटकसर नको.

---

ओहम | रविवार, दुपारी १:००

आणि शॉक? काका, तुम्ही सुरुवातीला म्हणालात की फ्यूज माणसाला वाचवत नाही.

---

जुनावायरमन (लेस्टर) | रविवार, दुपारी १:४०

नाही वाचवत. माणसाच्या अंगातून ३० मिलिअँपिअर गेले तरी जीवावर बेतू शकतं. ३ चा फ्यूज उडायला त्याच्या शंभर पटींहून जास्त लागतो. अंगातून करंट जात असताना फ्यूज शांत बसलेला असतो. माणसासाठी असतो तो आरसीडी, आपल्याकडे आरसीसीबी म्हणतात. आत किती गेला आणि परत किती आला याचा तो हिशोब ठेवतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तोडतो. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, ते अधूनमधून दाबून बघा.

अर्थिंग असेल तर मात्र फ्यूज मदतीला येतो. मिक्सरच्या आतली फेज धातूच्या भागाला लागली, तर अर्थिंगच्या वायरीतून एकदम मोठा करंट वाहतो आणि फ्यूज उडतो, तुम्ही हात लावायच्या आधी. म्हणून तीन वायरींचं उपकरण दोन पिनांच्या अडॅप्टरवर चालवू नका. अनेक ट्रॅव्हल अडॅप्टरांत अर्थिंग पुढे जातच नाही.

---

चाफा (रेडिंग) | रविवार, सायंकाळी ६:३०

५ चे फ्यूज आणले. प्लग पुन्हा उघडतोच आहोत तर नीट जोडून घ्यावा म्हणते. काका, काय काय बघू?

---

जुनावायरमन (लेस्टर) | रविवार, सायंकाळी ७:१०

प्लग सॉकेटमधून काढून मगच उघडा. झाकण काढून पिना तुमच्यापासून लांब आणि अर्थिंगची पीन वर अशी धरा. तपकिरी वायर उजवीकडे, जिथे फ्यूज आहे तिथे. निळी डावीकडे. हिरवी-पिवळी वरच्या पिनेला, आणि ती बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा. कधी वायर ओढली गेलीच तर अर्थिंग सगळ्यात शेवटी सुटली पाहिजे. पुण्यातल्या जुन्या वायरीत लाल, काळी, हिरवी असेल तर लाल फ्यूजकडे, काळी डावीकडे, हिरवी वर.

तंतू पिळून स्क्रूखाली सगळे आले पाहिजेत, एकही बाहेर डोकावता कामा नये. टोकाला सोल्डर लावू नका, ते दाबाखाली हळूहळू सरकतं आणि स्क्रू ढिला पडतो. खालची पकडपट्टी बाहेरच्या जाड आवरणावर बसली पाहिजे, आतल्या रंगीत वायरींवर नाही. फ्यूज चिमटीत बोटाने दाबून कट्ट बसतो का बघा.

---

चाफा (रेडिंग) | मंगळवार, रात्री ९:०५

पकडपट्टी रंगीत वायरींवरच होती. काळजात धस्स झालं. वायर दीड इंच कापून सगळं नव्याने जोडलं. निळ्या वायरीचे तीन तंतू स्क्रूच्या बाहेर होते तेही आत घेतले. ५ चा फ्यूज घातला. डाळ आज दोन खेपांत वाटली, प्रत्येक खेपेला मिनिटभर थांबून. नंतर प्लगला हात लावून पाहिला, गार. वायरही गार. सकाळी इडल्या आहेत.

घरातले बाकीचे प्लगही उघडले. दोन टेबल लॅम्पांत १३ चे निघाले, वायर अर्ध्याची. दोन्हीकडे ३ चे घातले. आईला फोटो पाठवले. ती आता तिकडच्या बोर्डावर कुठल्या स्विचमागे कितीचा एमसीबी आहे ते चिकटपट्टीवर लिहून लावणार आहे, आणि हॉलमधल्या सहा-सोळाच्या सॉकेटमागे २० चा आहे असं तिने आत्ताच कळवलं. त्यावर ती इस्त्री आणि मोबाइल दोन्ही लावते.

---

जुनावायरमन (लेस्टर) | मंगळवार, रात्री ९:४०

इस्त्रीची वायर किती एमएमची आहे ते आईंना बघायला सांगा, आणि तिथल्या वायरमनकडून त्या सॉकेटमागे १० चा घालून घ्या. हॉलमध्ये त्याहून मोठं काही लावत नसतील तर पुरतो.

आणि ताई, महिन्याभराने तुमच्या मिक्सरचा प्लग एकदा उघडून तिन्ही स्क्रू आवळून घ्या. नवे जोडलेले तंतू दबून बसतात, पाव-अर्धा फेरा हमखास मिळतो.